जुन्या माणसाला त्याच्या कामाचं पत्र द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या कंपन्यांचे एचआर प्रमुख, कारखान्यांचे पर्सोनेल मॅनेजर, रुग्णालयांचे आणि हॉटेलांचे व्यवस्थापक, छोट्या उद्योगांचे मालक

विषय: नोकरी सोडून गेलेल्या माणसाला कामाच्या तपशिलासह अनुभवपत्र देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसॉगा शहरात राहते. त्याआधी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते. मस्टर, रजेचे अर्ज, पीएफचे फॉर्म, नोकरी सोडणाऱ्यांची पत्रं हे सगळं माझ्या हातून गेलेलं आहे. तुमच्या टेबलावर कामाचा किती ढीग असतो हे मला कुणी सांगायला नको. आता मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असते. आपल्याकडची मुलंमुली, जोडपी इथल्या पर्मनंट रेसिडन्सचा, म्हणजे पीआरचा अर्ज भरताना कागद घेऊन येतात आणि मी ते त्यांच्यासोबत बसून वाचते. मी वकील नाही, परवानाधारक सल्लागारही नाही, आणि कुणाकडून पैसे घेत नाही. कागद नीट वाचायची सवय आहे, तेवढीच मदत करते.

या वाचनात एक कागद वारंवार नडतो. तो तुमच्याकडून आलेला असतो.

पत्र साधारण असं असतं. वर 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न'. मग तीन वाक्यं: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे 'सीनियर असोसिएट' या पदावर होती, त्यांची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सहीच्या जागी बऱ्याचदा सहीच नसते, 'हे पत्र संगणकाने तयार केले आहे, सहीची आवश्यकता नाही' अशी इंग्रजी ओळ असते. भारतात पुढची नोकरी मिळवायला एवढं पुरतं. नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते, तारखा जुळल्या की काम झालं. कॅनडाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे मात्र हा कागद जवळजवळ कोरा असतो.

त्या अधिकाऱ्याला काय हवं असतं, हे कॅनडा सरकारने लपवून ठेवलेलं नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यावर कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल हवा. अर्जदाराने कंपनीत जी जी पदं सांभाळली ती सगळी, त्यांच्या तारखांसह हवीत. प्रत्येक पदावर त्याने प्रत्यक्ष कोणती कामं केली, आठवड्याला किती तास केली, वर्षाला पगार किती होता, वर काय सवलती होत्या, हे हवं. आणि खाली थेट वरिष्ठाची किंवा पर्सोनेल खात्यातल्या जबाबदार माणसाची नाव-हुद्द्यासह सही हवी. सगळं मिळून एक पान होतं. सलग नोकरीत तीन बढत्या झाल्या असतील तर दीड.

एवढ्या तपशिलाचा अट्टाहास का, हे समजून घेतलंत तर माझं पुढचं म्हणणं तुम्हाला पटेल असं वाटतं.

कॅनडात २०१५ पासून एक्सप्रेस एंट्री नावाची पद्धत आहे. उमेदवाराला वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांवर १,२०० पैकी गुण मिळतात. सरकार वरचेवर फेरी काढतं आणि कटऑफच्या वर असलेल्यांना अर्जाचं निमंत्रण देतं. कॅनडातच काम केलेल्यांसाठी 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास' आहे. त्याच्या २०२५ मधल्या फेऱ्यांचे कटऑफ ५०० च्या वर राहिले. तिथे दहा-पंधरा गुणांवर माणूस आत किंवा बाहेर होतो. पुण्यात किंवा नाशकात केलेल्या तीन वर्षांच्या कामाला, इंग्रजीची परीक्षा उत्तम असेल तर, ५० पर्यंत गुण मिळतात. वर्ष-दोन वर्षांच्या कामाला २५. म्हणजे तुमच्याकडे घालवलेल्या वर्षांवर इथे अक्षरशः निकाल फिरतो. दुसरीकडे तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला वयाचे पाच-सहा गुण कमी होत जातात. लग्न न झालेल्या उमेदवाराला एकोणतिसाव्या वर्षी वयाचे ११० गुण असतात, पस्तिसाव्या वर्षी ७७ उरतात, चाळिसाव्या वर्षी ५०. पत्रासाठी घालवलेलं वर्ष असं दोन्हीकडून महाग पडतं.

पूर्वी कॅनडातल्या मालकाने नोकरी देऊ केली असेल तर त्याचे ५० किंवा २०० गुण मिळत. त्यात खोट्या नोकऱ्या विकण्याचा धंदा बोकाळला आणि २५ मार्च २०२५ पासून सरकारने ते गुणच काढून टाकले. त्यामुळे आजवर केलेलं काम आणि ते सिद्ध करणारा कागद यांचं वजन आणखी वाढलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केलेलं काम मोजायचं कसं? कॅनडाने देशातल्या सगळ्या व्यवसायांची एक सूची केली आहे. तिला एनओसी म्हणतात (आपल्या 'ना हरकत'शी तिचा संबंध नाही). प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी क्रमांक आहे आणि शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. एक्सप्रेस एंट्रीत शून्य ते तीन या पायऱ्यांवरचं काम धरतात. चौथ्या आणि पाचव्या पायरीवर वीस वर्षं राबलेल्या माणसाचाही अनुभव इथे शून्य. आणि तुमचं काम कोणत्या पायरीवर बसतं हे हुद्द्यावरून ठरत नाही. सूचीत त्या व्यवसायाचं जे वर्णन दिलं आहे, त्यातली बरीचशी कामं तुम्ही खरोखर केलीत का, यावरून ठरतं. अधिकारी हुद्दा वाचून पुढे जातो आणि कामाची यादी शोधतो. तुमच्या पत्रात ती नसते.

एक उदाहरण जरा जवळून दाखवते. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत हिशेबाच्या खात्यात पाच वर्षं काम केलेली मुलगी. बी.कॉम., टॅलीवर हात बसलेला. दर महिन्याला जीएसटीआर-३बी तीच भरायची, तिमाहीला टीडीएसचं रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, कामगारांचं पगारपत्रक, वर्षाअखेरीला ट्रायल बॅलन्स काढून सीएच्या ऑफिसात नेऊन द्यायची. सीए फोन करायचे तो तिलाच. मालकांनी तिला प्रेमाने पत्र दिलं, त्यात लिहिलं, 'अकाउंट्स क्लार्क म्हणून काम केले.' पगाराच्या रजिस्टरात तोच शब्द होता, म्हणून तोच उतरवला. कॅनडाच्या सूचीत हिशेबाचा कारकून १४२०० या क्रमांकावर आहे आणि तो चौथ्या पायरीवर बसतो. वह्या पूर्ण ठेवणारा, ट्रायल बॅलन्स काढणारा, कराची विवरणपत्रं भरणारा बुककीपर १२२०० वर आहे, दुसऱ्या पायरीवर. काम तिने दुसऱ्या पायरीचं केलं होतं, पत्राने तिला चौथ्या पायरीवर उतरवलं. मालकांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की त्या एका शब्दाखाली चार ओळी लिहिल्या असत्या तर पाच वर्षं वाया गेली नसती.

तिने मालकांना पुन्हा फोन केला. हुद्दा बदलून मागितला नाही, कारण तो खोटा ठरला असता. हुद्दा तोच ठेवा, पण मी काय काय करत होते तेवढं खाली लिहा, एवढंच म्हणाली. त्यांनी लिहिलं. आपल्याकडच्या हुद्द्यांची हीच गंमत सगळीकडे आहे. आयटीत 'असोसिएट', 'कन्सल्टंट', 'मॉड्यूल लीड' यांवरून माणूस कोड लिहितो, टेस्टिंग करतो की माणसं सांभाळतो, काहीच कळत नाही. हॉटेलात 'कॉमी' (शेफच्या हाताखालचा माणूस) किंवा 'कुक' म्हटलेला माणूस आचारी असतो किंवा भाज्या चिरणारा मदतनीस असतो. आचारी तिसऱ्या पायरीवर बसतो, मदतनीस पाचव्या. रुग्णालयात सगळ्यांना 'सिस्टर' म्हणतात, पण नोंदणीकृत परिचारिका आणि नर्सिंग सहायक यांच्यात इथे दोन पायऱ्यांचं अंतर आहे.

तुमच्यापैकी मोठ्या कंपन्यांशी आता थोडं स्पष्ट बोलते, कारण छोट्या मालकांपेक्षा त्रास तिथे जास्त होतो.

तुमच्याकडे माजी कर्मचाऱ्यांसाठी पोर्टल असतं. तिथे विनंती टाकली की तिकीट क्रमांक येतो. दोन-तीन दिवसांनी उत्तर येतं की कंपनीच्या धोरणानुसार आम्ही रिलीव्हिंग लेटर आणि सर्व्हिस सर्टिफिकेट एवढंच देतो, कामाचा तपशील देत नाही. तिकीट बंद. पुन्हा उघडलं की तोच मजकूर पुन्हा येतो. एचआरला फोन लावला तर ते मॅनेजरकडे बोट दाखवतात, मॅनेजर म्हणतो मला लेटरहेड वापरायचा अधिकार नाही, एचआरला विचार. इकडे निमंत्रण आल्यापासून अर्ज पूर्ण भरायला ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बँकेचे कागद आणि प्रत्येक जुन्या नोकरीचं पत्र गोळा करायचं असतं. माणूस इथे कामाची पाळी संपवून येतो, रात्री जागून भारतातल्या ऑफिसच्या वेळात फोन लावतो आणि ही टोलवाटोलवी ऐकतो. अर्ज अपुरा ठरला तर परत येतो, निमंत्रण वाया जातं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. शिकून झाल्यावर मिळणारं इथलं वर्क परमिट एकदाच मिळतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं. ते संपत आलं असेल तर पुढची रांग त्याच्या नशिबी असेलच असं नाही.

तुमची बाजू मी ऐकली आहे, आणि काही काळ ती माझीही बाजू होती.

तुम्ही म्हणता, उद्या कुणी कोर्टात गेलं तर? कामाचं वर्णन लिहून दिलं आणि ते वादात पुरावा म्हणून आलं तर? ही भीती खरी आहे, विशेषतः कामगार आणि सुपरवायझर यांच्यातली रेषा जिथे पुसट आहे तिथे. पण मग तुम्ही रेकॉर्डवर असलेलंच लिहा ना. त्या माणसाचं नियुक्तीपत्र, त्याच्या वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म, केआरए (ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्यांची यादी), सगळं तुमच्याकडेच आहे. त्यातली कामं उतरवा. त्यापलीकडे एक शब्दही लिहू नका. आमचंही तेच म्हणणं आहे.

गोपनीयतेचं कारण तर मला कधीच पटलेलं नाही. ग्राहकाचं नाव, प्रकल्पाचं नाव, तंत्रज्ञानाची गुपितं यांतलं इथल्या अधिकाऱ्याला काहीच नको असतं. 'जावा वापरून बँकिंग सॉफ्टवेअरचे भाग लिहिले, चाचण्या केल्या, चार जणांच्या कामाची तपासणी केली' एवढं वाक्य कोणाचं गुपित फोडतं?

एकाला दिलं की सगळे मागतील, असंही म्हणतात. मागू द्या. रिलीव्हिंग लेटर सगळ्यांनाच देता, त्याचं कुठे ओझं झालं? आणि मनात कुठेतरी असतं ते हेही असतं की माणूस सोडून गेला, परदेशात चालला, आता त्याच्यासाठी आपण का खपायचं. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण मी पर्सोनेलमध्ये बसलेली आहे, मला ते ऐकू येतं. तो माणूस तुमच्याकडे दिवसाचे नऊ-दहा तास राबला आहे. त्याच्या कामाचा तपशील ही त्याच्या आयुष्यातल्या त्या वर्षांची नोंद आहे आणि ती त्याची आहे. नोटीस पीरियड भरून, लॅपटॉप परत करून, नो ड्यूजवर सगळ्या सह्या घेऊन गेलेल्या माणसाचं तुमच्याकडे दुसरं काहीच देणं उरत नाही, तुमचं मात्र त्याला हे एक देणं उरतं.

कायद्याचं म्हणाल, तर १९४६ च्या स्थायी आदेशांच्या (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या) कायद्याखालच्या नमुना आदेशांतही नोकरी संपताना कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. त्यात काय काय असावं हे मात्र तिथे सांगितलेलं नव्हतं, आणि त्या मोकळ्या जागेत आपण सगळे तीन वाक्यांवर भागवत आलो.

कुणी विचारेल, फॉर्म १६ आहे, पीएफचं पासबुक आहे, पगाराच्या स्लिपा आहेत, बँकेत पगार जमा झालेला दिसतो, ते पुरत नाही का? पुरवणी म्हणून ते फार उपयोगी पडतं, सगळ्यांनी जपून ठेवावं. पण पीएफच्या पासबुकात मालकाचं नाव आणि दरमहाची वर्गणी दिसते. फॉर्म १६ मध्ये पगार आणि कापलेला कर दिसतो. माणसाने हाताने काय केलं आणि किती तास केलं, हे या कशातूनच कळत नाही. पत्र मिळालंच नाही तर कारण लिहून, मालकाला केलेले ईमेल जोडून, जुन्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र लावून अर्ज करता येतो. ते मान्य करायचं की नाही हे मात्र सर्वस्वी अधिकाऱ्याच्या हातात असतं. बंद पडलेल्या कारखान्याच्या माणसाने तो धोका पत्करावा हे समजू शकतं. हिंजवडीत दिमाखात चालू असलेल्या कंपनीच्या माणसावर ती वेळ का यावी?

आणि ही वेळ येते तेव्हा काय होतं तेही तुमच्या कानावर घालते. आपल्या शहरांमध्ये बोर्ड लावून बसलेले काही एजंट आहेत. पत्र मिळत नाही म्हणून हताश झालेला मुलगा त्यांच्याकडे गेला की ते म्हणतात, काळजी कशाला, लेटर आम्ही बनवून देतो. लेटरहेड बनवतात, शिक्का बनवतात, एनओसीच्या संकेतस्थळावरची वाक्यं जशीच्या तशी चिकटवतात. इथले अधिकारी ती वाक्यं रोज वाचतात, त्यांना ती लगेच ओळखू येतात. मग एक नोटीस येते: तुमच्या कागदांबद्दल आम्हाला शंका आहे, खुलासा करा. खुलासा पटला नाही तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि पाच वर्षं कॅनडाची दारं बंद होतात. सोबत अर्जात असलेल्या बायको-मुलांचा अर्जही त्याच्याबरोबर जातो. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त तिथल्या वकिलांना, परवानाधारक पॅरालीगलना (वकिलांसारखं मर्यादित काम करणाऱ्यांना), क्वेबेकच्या नोटरींना आणि नोंदणीकृत सल्लागारांना आहे. आपल्याकडच्या त्या एजंटाचं नाव अर्जावर कुठेच नसतं. सही अर्जदाराची असते, शिक्षा त्यालाच होते. त्या मुलाने खोटं पत्र वापरलं हा त्याचाच दोष, मी त्याची बाजू घेणार नाही. पण खरं काम केलेला माणूस खऱ्या पत्रासाठी तीन महिने हेलपाटे घालतो आणि खोटं पत्र त्याला दोन दिवसांत मिळतं, ही परिस्थिती तुमच्या 'धोरणात बसत नाही' या उत्तरानेच तयार होते.

आता एका छोट्या मालकांबद्दल सांगते, म्हणजे हे किती सोपं आहे ते कळेल. कराडजवळ त्यांचं हॉटेल आहे. त्यांच्याकडे चार वर्षं स्वयंपाक केलेला मुलगा पुढे इथे आला. मालकांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी लेटरहेडवर मराठीत पत्र लिहिलं. वर गुमास्ता लायसन्सचा नंबर, पत्ता, स्वतःचा मोबाइल. मग लिहिलं: सकाळी अकरा ते रात्री आठ, मध्ये एक तास सुट्टी, आठवड्याला सहा दिवस. तांबडा-पांढरा रस्सा, मटणाचं सुकं, व्हेज थाळी हा स्वयंपाक स्वतः करायचा. दिवसाचा माल किती लागेल याची यादी द्यायचा. हाताखाली दोन पोरं होती, त्यांना शिकवायचा. पगार सुरुवातीला इतका, सोडताना इतका, त्यातला अर्धा बँकेत आणि अर्धा रोख. रोखीचंही त्यांनी लपवलं नाही. खाली सही, शिक्का, तारीख. आम्ही त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद करून घेतला आणि मूळ पत्रासोबत जोडला. त्या पत्रात एकही वाक्य सरकारी नव्हतं, आणि अधिकाऱ्याला हवं असलेलं एकही उत्तर त्यात चुकलेलं नव्हतं. मोठमोठ्या कंपन्यांची गुळगुळीत कागदावरची पत्रं मी वाचली आहेत, पण इतकं पुरेपूर पत्र क्वचितच पाहिलं.

त्या मालकांनी आणखी एक गोष्ट केली. पडताळणीचा फोन येईल असं मुलाने सांगितलं होतं, तर त्यांनी गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या पुतण्यालाही सांगून ठेवलं की या नावाचा फोन आला तर मला बोलव. हे मी मुद्दाम सांगते, कारण कॅनडाकडून पडताळणीसाठी फोन किंवा ईमेल येऊ शकतो आणि तो तुमच्या बोर्ड नंबरवर येतो. रिसेप्शनवरच्या नव्या माणसाने 'असं कुणी इथे काम करत नाही' म्हणून फोन ठेवला, तर ते खरंच असतं, तो आता काम करत नाहीच. पण समोरचा लिहून घेतो की कंपनीने ओळख नाकारली. तिथून पुढे निस्तरायला अर्जदाराला महिने लागतात. पत्रावर ज्याची सही आहे त्याचा थेट नंबर आणि कंपनीच्या डोमेनचा ईमेल द्या. तो माणूस कंपनी सोडून गेला तर ईमेल कुणाकडे वळवायचा एवढं ठरवून ठेवा.

काही बारीक गोष्टी आहेत, त्या पटकन सांगते. तासांचा आकडा लिहायला तुम्ही कचरता, कारण खरे तास कागदावर यावेत असं वाटत नाही. इथे आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ आणि वर्षाचे १,५६० तास झाले की एक वर्षाचा अनुभव. त्याहून जास्त राबल्याचे जास्त गुण मिळत नाहीत, त्यामुळे फुगवायची गरज नाही आणि लपवायचीही नाही. बिनपगारी इंटर्नशिप धरत नाहीत, म्हणून ट्रेनी असताना स्टायपेंड होता की पगार, किती होता, हे स्पष्ट लिहा. मधल्या काळात कंपनी विकली गेली, नाव बदललं, कर्मचारी दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर गेले, तर एका ओळीत तो बदल लिहा. अर्जदाराला आपल्या मागच्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशेब द्यावा लागतो, एकही महिना रिकामा सोडून चालत नाही. त्याने लिहिलेली तारीख आणि तुमच्या पत्रातली तारीख यांत फरक पडला की प्रश्न येतो. शेवटचा कामाचा दिवस आणि फुल अँड फायनलची (हिशेब चुकता केल्याची) तारीख यांची गल्लत तुमच्याच खात्यात होते, ती टाळा.

आणि कृपा करून मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका. बाँड मोडला म्हणून परिचारिकांची नर्सिंगची मूळ सर्टिफिकेटं वर्षानुवर्षं कपाटात ठेवणारी रुग्णालयं आहेत. पैशाचा वाद असेल तर तो पैशाने सोडवा.

हा प्रश्न फक्त कॅनडापुरता आहे असंही समजू नका. ऑस्ट्रेलियात आयटीवाल्यांची पात्रता तपासणारी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी कामाचा तपशील असलेलं पत्र मागते. अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित अर्जांत आधीच्या अनुभवाचा आधार घ्यायचा असेल, तर आधीच्या मालकाचं कामाच्या वर्णनासह पत्र लागतं. भारतीयांची तिथली रांग दहा वर्षांहून लांब आहे. आज तुमच्याकडून बाहेर पडलेल्या इंजिनिअरला तुमच्या पत्राची गरज २०३५ नंतरही पडू शकते, तेव्हा त्याचा मॅनेजर कुठे असेल, तुमची सिस्टम कोणती असेल, देव जाणे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की हे पत्र माणूस जाताना द्या. मागितल्यावर नको. रिलीव्हिंग लेटर तयार होतं त्याच दिवशी त्याला आणखी एक पान जोडा. माणसानेच आपल्या कामाचा मसुदा लिहावा, त्याच्या वरिष्ठाने तो वाचून खोटं असेल ते खोडावं, राहिलेलं भरावं आणि सही करावी, एचआरने तारखा, तास आणि पगार भरून शिक्का मारावा. वरिष्ठाला सगळं आठवत असतं, कागद समोर असतात, माणूस समोर असतो. मी भोसरीत असताना अशी पत्रं टाइप केली आहेत. आमच्या फॅक्टरी मॅनेजरांचा नियम होता की वेल्डर असो की डिझाइनर, जाताना त्याचं काम कागदावर लिहून द्यायचं. अर्ध्या तासाचं काम असतं. त्या पत्रांवर कोण कुठे गेलं ते आम्हाला कळलंही नाही, आम्ही विचारलंही नाही.

ज्यांनी आधीच नोकरी सोडली आहे त्यांच्यासाठी पोर्टलवर एक वेगळा प्रकार उघडा, 'कामाच्या तपशिलासह पत्र', आणि त्याला पंधरा दिवसांची मुदत घाला. एखाद्या गोष्टीची खात्री नसेल तर ती गाळून बाकीचं द्या. संपूर्ण नकारापेक्षा अर्धं पत्रही उपयोगी पडतं, कारण उरलेलं अर्धं माणूस इतर कागदांनी भरून काढू शकतो.

छोट्या मालकांना वेगळं सांगते. तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही, टाइप करायचीही गरज नाही. लेटरहेड असेल तर त्यावर, नसेल तर साध्या कागदावर दुकानाचा शिक्का मारून मराठीत लिहा. अनुवादाचं आम्ही इथे बघून घेऊ.

या महिन्यात तुमच्याकडून जो कुणी राजीनामा देऊन बाहेर पडतो आहे, त्याच्या फाइलपासून सुरुवात करा. नमुन्याचं पान हवं असेल तर मी पाठवते.

कळावे,

भोसरीच्या पर्सोनेल खात्यातली तुमची एक जुनी सहकारी,
मिसिसॉगा, ओंटारिओ